बिनधोट्याचे साचे

मावशीला खरा राग आला की तिचा आवाज बंद व्हायचा. एरवी ती साधं मीठ मागायला आली तरी सालवडच्या आमच्या चाळीत शेवटच्या खोलीपर्यंत ऐकू जायचं. नवा भाडेकरू हमखास दार उघडून बघायचा, कुणाचं जुंपलंय म्हणून. पण डोकं फिरलं की नुसते ओठ हलायचे, आवाज अजिबात नाही. आणि मेलं, प्रत्येक शिवी नीट कळायची! एकदा ऐन गौरीच्या दिवशी घरमालकानं पाणी सोडलं नाही. मावशी त्याच्या दारात जाऊन उभी राहिली आणि ओठ हलवायला लागली. त्याची बायको घाबरून बाहेर आली, "अहो, म्हातारीची वाचा गेली की काय!" तो मात्र पायात चपला सरकवून टाकीकडे गेला.

ही खोड गिरणीतली. मावशीची उमेदीची वर्षं मुंबईच्या एका कापडगिरणीत गेलेली. तिथं यंत्रांचा कल्ला एवढा, की ओरडून घसा फुटला तरी शेजारणीला ऐकू जायचं नाही. म्हणून बायका ओठांनी बोलायच्या. कुणाची सासू काय म्हणाली, कुणाला दिवस गेलेत, संध्याकाळी कालवण कशाचं, सगळं बिनआवाजी. "मुकादमाला तोंडावर शिव्या देता यायच्या गं," मावशी सांगायची. "नवा असला की त्या बिचाऱ्याला वाटायचं, आम्ही पान चघळतोय."

गिरणी बंद पडली, पाठोपाठ नवरा गेला, आणि कुणाच्या तरी ओळखीनं मावशी बोईसरजवळ सालवडला, आमच्या चाळीत आली. एमआयडीसीतल्या एका कापडाच्या शेडमध्ये तिला काम मिळालं. मी जळगावकडची. माझा नवरा औषधांच्या कंपनीत. मी लग्नानंतर घरात बसून सासूचे टोमणे खात होते, तर एके दिवशी मावशीनं माझं पोळ्या लाटणं थांबवलं, बोटं उलटीसुलटी करून बघितली आणि सासूला म्हणाली, "हिचा हात सुताला चांगला आहे. उद्या सकाळी माझ्याबरोबर पाठवा." विचारणं वगैरे काही नाही. सासू आ वासून बघतच राहिली, आणि मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघाले.

शेडला "कंपनी" म्हटलेलं तिला खपायचं नाही. "कंपनीत गोळ्या बनतात. कापड बनतं ती गिरणी." रिक्षावाल्यालाही गिरणी म्हणूनच सांगायची, आणि तो नवा असला तर पिठाच्या गिरणीपुढं नेऊन सोडायचा. मग त्याच्यावर ओठ हलायचे. दुसरी तऱ्हा म्हणजे जेवण. मावशी बसून जेवायचीच नाही. गिरणीत चालत्या यंत्रापाशी उभ्यानं घास कोंबायची सवय लागलेली, ती लग्नाच्या पंगतीतही सुटली नाही. पत्रावळ हातात घेऊन खांबाला टेकून उभी. वाढपी पुन्हा पुन्हा म्हणायचे, "आजी, बसा ना," आणि आजी म्हणायच्या, "तू वाढ, मला घाई आहे." कसली घाई, देव जाणे. जेवून झाल्यावर तासभर तिथंच गप्पा मारत असायची!

तिसरी तऱ्हा गाठीची. सुटलेला धागा दिसला की तिला राहवायचंच नाही. बोलता बोलता तुमच्या पदराच्या दशीचे धागे बांधून मोकळी. सूत बांधायची गाठ एवढीशी, मोहरीच्या दाण्याएवढी, आणि ती एका हातानं मारायची. आम्हाला तिनं हीच गाठ शिकवली. माझं सासूशी वाजलं आणि मी रडत तिच्याकडे गेले की ऐकून घ्यायची, पण फार वेळ नाही. "तुटलं ना? मग गाठ मार आणि पुढं हो. साचा थांबलाय." मला तेव्हा भयंकर राग यायचा. अगं बाई, माणूस रडतंय, आणि ही साच्याचं काय सांगते!

साचा म्हणजे माग. गिरणीतली माणसं मागाला साचाच म्हणायची. आमच्या शेडमध्ये जुने साचे होते, लाकडी धोट्याचे. धोटा आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो, आणि त्याच्या पोटात सुताची कांडी असते. त्या कांड्या भरायचं काम आम्हा सात-आठ बायकांचं. साचे मात्र पुरुष चालवायचे. बायकांनी साच्याला हात लावायचा नाही, असं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं.

मावशीला हे मुंबईपासून पाठ होतं. तिचा नवरा साचेवालाच होता. दुपारी ती कांडीखात्यातून त्याला डबा द्यायला जायची आणि बघत उभी राहायची. एकदा तो पाणी प्यायला गेला आणि मागं धागा तुटला. हिनं सांधला, साचा सुरू केला. एवढंच. जॉबरनं, म्हणजे खात्याच्या मुकादमानं, पाहिलं, आणि सगळ्या खात्यासमोर नवऱ्यानंच हिचं मनगट धरून बाहेर काढलं. "मला जॉबरचं काही वाटलं नाही," मावशी म्हणायची. "ह्यांचं वाटलं. धागा चुकला होता का, ते तरी बघायचं की नाही?" पुढं तिच्या गिरणीत भराभर कांड्या भरणारी मोठी यंत्रं आली. ती तिन्ही पाळ्या चालवायची ठरली. रात्रपाळीला बाई ठेवायची नाही, असा तेव्हाचा कायदा. कायदा बायकांच्या भल्याचाच, पण त्या भल्यानं बायका घरी गेल्या आणि त्यांच्या जागी पुरुष आले. गिरणी बंद पडायच्या कितीतरी आधी कांडीखात्यातल्या बायका बंद पडल्या होत्या. हे सांगताना मावशी मोठ्यानं हसायची. मला त्या हसण्याची भीती वाटायची.

आणि मग आमच्याकडेही तेच आलं.

एका श्रावणात शेठनं अर्धी शेड रिकामी करून नवे साचे बसवले. रेपियर म्हणतात त्यांना. धोटाच नाही. एक पातळ पट्टी सपकन येते, आडवा धागा थेट मोठ्या रिळावरून ओढून नेते. धोटा नाही म्हणजे कांडी नाही, आणि कांडी नाही म्हणजे आम्ही नाही. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. मावशी नव्या साच्याभोवती एकदा फिरली, खाली वाकून बघितलं, परत आली आणि म्हणाली, "झालं. दिवाळीनंतर उरलेले जुनेही जाणार. आपल्याला घरी पाठवणार."

पुन्हा ते घर, ती खिडकी, सासूचा तो स्वर. हिरा माझ्या शेजारी काम करायची. माहेर एडवणचं, समुद्रावर वाढलेली, कुणाला भिणारी नव्हे. पण तीही मटकन खाली बसली. "आता आमी काय करायचं गं मावशी?"

"साचे चालवायचे," मावशी म्हणाली.

"आमी? बायका?"

"का? धोट्याचं वजन नाही, काही नाही. धागा तुटला की तो आपला आपण थांबतो, वर दिवा लागतो. जायचं, धागा सांधायचा, हिरवं बटण दाबायचं. गाठ तुम्हाला येते की येत नाही?"

"ती काय, येते की."

"मग! एकदा मला मशीननं घरी पाठवलं. दुसऱ्यांदा पाठवून दाखवावं."

ती तडक साचेखात्याच्या मास्तरकडे गेली. मास्तर माणूस वाईट नव्हता, पण जुन्या वळणाचा. त्यानं चहाचा कप खाली न ठेवता सांगितलं, "मावशी, साचा बाईच्या हाताला लागत नाही. उद्या कापड बिघडलं तर पार्टीला मी काय सांगू?" मावशी शेठकडे गेली. शेठ म्हणाला, "मास्तर को पूछो." असं महिनाभर चाललं. रोज सकाळी कामावर चढायच्या आधी मावशी मास्तरपुढं जाऊन उभी. पहिले काही दिवस मोठ्यानं बोलली. मग नुसते ओठ. मास्तर तिला पाहून दुसऱ्या दारानं आत यायला लागला, तर ही दुसऱ्या दारात! आम्हालाच लाज वाटायला लागली. मी म्हटलंसुद्धा, "मावशी, पुरे आता. हसतात लोक." तर म्हणाली, "हसू देत. हसताना माणूस नाही म्हणायचं विसरतो."

दसरा आला. गिरणीचा खरा सण हाच. साचे धुऊनपुसून लख्ख करायचे, हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, नारळ फोडायचा आणि मुहूर्ताला साचा घटकाभर चालवायचा. रांगोळी, माळा, प्रसाद हे काम आमचं. आणि साच्यावर चढवलेली माळ संध्याकाळपर्यंत काढायची नाही, हा तर नेमच. जुन्या साच्यांना वर आडवं लाकूड होतं, माळ तिथं टांगली की सूत खाली सुखरूप. नव्या साच्याला वर असं काहीच नाही. पुरुषांनी मोठ्या हौसेनं माळ पुढच्या दांडीवर, थेट सुताच्या तोंडाशी लावली. मावशी म्हणाली, "तिथं नको रे." कोण ऐकतंय! त्याच दिवशी दुपारी शेठ नव्या पार्टीला साचे दाखवायला आणणार होता. पूजा झाली, मुहूर्ताला एक जुना साचा चालवला, पेढे वाटले, शेठ गाडी घेऊन स्टेशनवर गेला आणि पुरुष मंडळी सोनं वाटायला पसार झाली. मागं राहिलो आम्ही, भांडी घासत. आणि मास्तर.

पार्टी यायच्या आधी एकदा चालवून बघावं म्हणून मास्तरनं बटण दाबलं. साचा थरथरला, माळ घसरली, ती पट्टी आली आणि माळेचा दोरा घेऊन निघाली. असा आवाज आला म्हणता! साचा थांबला तेव्हा ताणलेल्या सुतात मधोमध हे एवढं भगदाड, आणि पांढऱ्या कापडात झेंडूच्या पाकळ्या विणलेल्या. मास्तर मटकन स्टुलावर बसला. एकेका साचेवाल्याला फोन लावत सुटला. सणाच्या दिवशी कुणी उचलतोय!

मावशीनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "चला गं."

मास्तर उठून साच्याच्या पुढच्या बाजूला गेला. आम्ही साच्याच्या मागं दाटीवाटीनं उभ्या राहिलो. तुटलेला एकेक धागा शोधायचा, त्याला जोड द्यायचा, गाठ मारायची. मावशीनं पहिली गाठ मारायला घेतली आणि तिची बोटं वळेनात. सांधे कधीपासून सुजले होते, आम्हाला पत्ताच नव्हता. पदराच्या दशा, कांडीचं सूत ती बांधायची ते जाड धागे होते. हे सूत केसासारखं. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग हात मागं घेतला आणि तुटलेली टोकं वेगळी करून आमच्या हातात द्यायला लागली. तिच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही. फार वाईट वाटलं मला. आम्ही गाठी मारत गेलो, मास्तर पुढून आकड्यानं धागे ओढून घेत गेला. खोटं कशाला बोलू, त्याचा हात चांगला होता. कुणी कुणाशी भांडलं नाही. शेवटचा धागा ओढला आणि बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

मास्तर घाम पुसत शेठला घ्यायला दाराकडे धावला. मावशी मला म्हणाली, "चालू कर."

"मी?"

"मग काय माझी आई?"

मी हिरवं बटण दाबलं. साचा चालू झाला. शेठ पार्टीला घेऊन आत आला, तेव्हा साच्यापाशी मी उभी, पलीकडे हिरा, आणि कापड झरझर उतरतंय. पार्टीचा माणूस खूश. "अरे वाह! आपके यहाँ लेडीज चलाती हैं?"

शेठनं एकदा मास्तरकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. धंद्याचा माणूस. छाती काढून म्हणाला, "हाँ हाँ! हमारे यहाँ तो शुरू से!"

दुसऱ्या दिवशी मावशी त्याच्या केबिनच्या दारात. "शेठ, पार्टी परत आली तर काय दाखवणार?"

शेठनं कपाळावर हात मारला. मग बऱ्याच घासाघिशीनंतर ठरलं. नव्या पार्टीचा पहिला माल दोन साच्यांवर बायकांनी काढायचा. दिवाळीपर्यंत मुदत. माल पास झाला तर बायका साच्यावर राहतील, आणि पुढचे साचे येतील तशा बाकीच्याही. नापास झाला तर सगळ्याच घरी. मास्तरनं अट मान्य केली, कारण बायका नापास होणार, याची त्याला खात्री होती. "पण मावशी, तुम्ही नाही," शेठ म्हणाला. "तुमचं वय झालं. तुम्ही घडीखात्यात बसा, कापड तपासा."

हिरा उसळली. "मावशी नाय तर आमी पन नाय! तिच्यामुलं हाय सगलं!"

मला वाटलं, मावशीचे डोळे भरून येतील. कसले येतात! तिचे ओठ हलायला लागले. काय काय बोलली ती हिराला, मी इथं सांगू शकत नाही. शेवटी आवाज फुटला. "माझ्यासाठी घरी बसणार? मी महिनाभर त्या माणसाच्या दारात उभी राहिले, ती तुम्ही घरी बसावं म्हणून? चल, नीघ. साच्यावर जा." आणि शेठला म्हणाली, "तपासते. पण बसून नाही."

घडीखात्यात एक लांब टेबल, खाली काच, काचेखाली दिवा. साच्यावरून उतरलेला कापडाचा ताका त्यावरून ओढत न्यायचा आणि खोट दिसली की खूण करायची. मावशी तिथं उभी राहिली आणि आम्ही साच्यावर.

तुम्हाला वाटत असेल, आम्ही आता फत्ते केली. माझा तर जीव मुठीत होता. मास्तर मागून फेऱ्या घालायचा. साच्याचा आवाज जरा वेगळा आला, की माझं बोट लाल बटणावर. थांबव, बघ, काही नाही, चालू कर. पुन्हा जरा खट्ट झालं, थांबव. असं करत माझा पहिला ताका उतरला. सगळ्या बायकांनी हात लावून बघितला. पांढराशुभ्र. एक धागा चुकलेला नाही. हिरानं तर त्याचा मुका घेतला. मी तो लेकरासारखा उचलून घडीखात्यात नेला. मास्तर मागोमाग आला, शेठही आला.

मावशीनं ताका टेबलावर ओढायला सुरुवात केली. ओढता ओढता थांबली. खूण केली. पुन्हा थांबली, पुन्हा खूण. ताका संपला, तिनं गुंडाळला आणि बाजूच्या मांडणीवर टाकला. नापास मालाच्या मांडणीवर.

"मावशी!" मी ओरडलेच. "एक धागा चुकलेला दाखव!"

"धागा नाही चुकला." तिनं ताका पुन्हा उलगडला, दिव्यावर धरला. कापडात जागोजाग बारीक आडव्या पट्ट्या. "साचा थांबून चालू झाला की तिथं पट्टी पडते. धागा तुटून एखाद्या वेळी थांबला तर पार्टी चालवून घेते. तू उगाच थांबवलंयस. घाबरलीस तिथं तिथं दिसतंय बघ."

"पण ही एवढीशी पट्टी..."

"पार्टी रंगवणार ह्याला. रंगवल्यावर बोटाएवढी दिसेल."

मास्तर शेठला म्हणाला, "बघा. मी बोललो नव्हतो का? ह्यांच्याच बाईनं नापास केलं." त्याचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. मला इतका संताप आला, की मी मावशीला नाही नाही ते बोलले. तू आमची की त्यांची? एक ताका सोडला असतास तर काय गिरणी बुडाली असती? तुझं काय जातंय, तुला तर टेबल मिळालं! हिरा माझा हात ओढत होती. मावशी सगळं ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, "हा सोडला असता तर पुढचा प्रत्येक ताका हे लोक उलगडून बघतील. म्हणतील, बायकांनी बायकांचं सोडलं. अजून दिवाळी लांब आहे. जा, दुसरा काढ. आणि लाल बटणावरून बोट काढ."

मी रागारागात साच्यावर गेले. खरं सांगते, त्या रागानंच माझं काम झालं. मास्तर मागं उभा राहिला, राहू दे. आवाज बदलला, बदलू दे. लाल दिवा लागला तरच मी हलायची. गाठ, बटण, पुढं. घाबरायला वेळच नव्हता, मनातल्या मनात मी मावशीशी भांडत होते. दुपारचा डबासुद्धा मी तिथंच उघडला.

दुसरा ताका उतरला तो मी कुणाला दाखवला नाही. घडीखात्यात नेला आणि टेबलावर आपटला. मावशीनं तो ओढला, पहिल्या वारापासून शेवटच्या वारापर्यंत, आणि पास मालाच्या मांडणीकडे हात नेला. तेवढ्यात मास्तर म्हणाला, "थांबा, मी बघतो."

"बघा की," मावशी म्हणाली आणि बाजूला झाली.

मास्तरनं चष्मा लावला. काचेवरून ताका ओढत गेला. मध्येच थांबला, नखानं खरवडून बघितलं, पुढं गेला. शेठ दारात उभा. आम्ही सगळ्या साचे हिराच्या भरवशावर टाकून आलेल्या. कापड संपलं. मास्तरनं ते उलट बाजूनं पुन्हा एकदा ओढलं. मग चष्मा काढला आणि म्हणाला, "ठीक आहे."

मला वाटलं, आता मावशी माझ्याकडे बघेल, हसेल, निदान पाठीवर हात तरी ठेवेल. तिनं ताका उचलून मांडणीवर ठेवला, काच फडक्यानं पुसली आणि मास्तरपुढं हात केला.

"चला, आता पुरुषांचा ताका आणा."